हौदाभोवती पसरलेलं पीठ

या पानावरचे अनुभव मी दोन वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा वाचून चिडते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते… मी एसटीत कंडक्टर आहे, अठरा वर्षं झाली. गाडी बंद पडते ती फिल्टरमुळे नाहीतर बॅटरीमुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या घरात भूत, अंगात येणं, उतारा, नवस यातलं काहीही चालत नाही. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून नाही. तेव्हा खालचं वाचून "ताई, शांती करून घ्या" असं लिहिणाऱ्यांनी हात आवरावा. मला शांती नकोय. मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

जागा सांगते. वडीगोद्रीपासून आत पाच-सहा किलोमीटर. गावाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेलच. गावाच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. परसात सिमेंटचा हौद… बारा फूट लांब, आठ फूट रुंद, सगळा जमिनीत, फक्त वीतभर कठडा वर. त्याची एक बाजू घराच्या भिंतीला चिकटलेली, तीन बाजू मोकळ्या. मागे तारेचं कुंपण आणि त्याच्या पलीकडे लगेच ऊस.

हौद माझ्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा कॅनॉलवर पाटकरी होते. म्हणजे पाळीचं पाणी कुणाच्या चारीला कधी सोडायचं ते बघणारे. पाळी संपून कॅनॉल आटला की डबक्यांत मासे अडकायचे. गावातले लोक टोपली घेऊन पळायचे, अण्णा बादली घेऊन. जिवंत आणायचे आणि हौदात सोडायचे. बाजारातला मासा मिटक्या मारत खायचे, त्यात काही संन्यास नव्हता, पण हौदातल्याला हात लावायचा नाही. "हे पाहुणे हायत," म्हणायचे. रिटायर झाल्यावर सकाळभर हौदाकाठी लोखंडी खुर्ची टाकून बसायचे आणि भाकरीचा चुरा पाण्यात सोडायचे. गेल्या वर्षी मार्चअखेरीला एका सकाळी त्याच खुर्चीवर गेले. हातात चुरा तसाच होता. हौदात तेव्हा अकरा मासे होते, नऊ रोहू आणि दोन कटले.

घरात मागे राहिलो मी आणि आत्या. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच. मी नवऱ्याला सोडून माहेरी आले तेव्हा घरात तेवढं तिनेच मला काही विचारलं नव्हतं. अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाली, थोडं पीठ दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जुन्या लोकांत पद्धत होती. माणूस जिथे शेवटचा श्वास घेतो तिथे पीठ पसरायचं, दिवा लावायचा, वर टोपलं पालथं घालायचं. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठावर कुणाचं पाऊल उमटलंय. ज्याचं पाऊल, त्याचा जन्म माणसाला मिळाला. अण्णांची आई गेली तेव्हा भावकीने हे मांडलं होतं. अण्णांनी सगळ्यांच्या देखत टोपलं उचललं आणि म्हणाले, मुंग्या आल्यात पीठ खायला, माझी माय मुंगी झालेली नाही. मग ते पीठ चाळून घेतलं, त्याची भाकर करायला लावली आणि तिथेच बसून खाल्ली. भावकी वर्षभर बोलली नाही. ही गोष्ट मी लहानपणापासून छाती फुगवून सांगत आलेय.

तर मी आत्याला पीठ दिलं नाही. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तिला सुनावलं. ज्या माणसाने आयुष्यभर हे खोडून काढलं, त्याच्या मढ्यावर तू हेच मांडणार का, म्हटलं. ती डोळे पुसत डबा झाकून निघून गेली.

आता दादा. माझा मोठा भाऊ जालन्याला असतो. जाताना अण्णांची खुर्ची आठवण म्हणून घेऊन गेला आणि हौद बुजवून टाक असं सांगून गेला. डास होतात, आत्याला दिसत नाही, एखाद्या दिवशी पाय घसरेल. त्याला तिथे नवीन न्हाणीघर बांधायचं होतं, हे मला आधीच कळलं होतं. मी म्हटलं, मासे जिवंत आहेत तोवर हौद राहील. दादा म्हणाला, ठीक आहे, मासे जिवंत आहेत तोवर.

आणि दिवाळी झाल्यावर मासे जायला लागले.

पहिला गेला तेव्हा कठड्यावर दोन खवले सापडले. आठ दिवसांनी दुसरा. मी जाळी टाकली, नायलॉनची, कडेने विटा ठेवून. तिसरा गेला आणि जाळीला कोपऱ्यात एवढं भगदाड. बगळे बिचकावेत म्हणून जुन्या चकचकीत सीडी टांगल्या. बाभळीच्या काट्या आणून कुंपणाला लावल्या, त्यात माझाच ड्युटीचा शर्ट फाटला. चौथा गेला त्या दिवशी मी डेपोत दोन पॅसेंजरशी आणि एका ड्रायव्हरशी भांडले. हसू नका. अकरा जिवांवर अण्णांचं काय ते शिल्लक होतं, आणि मी घरात असताना कुणीतरी ते एकेक करून उचलून नेत होतं. वर दादाचा फोन. आता सात का? मग रविवारी मुरमाची ट्रॉली आणतो, उगाच त्या जिवांचे हाल कशाला.

माझा संशय शेजारच्या मांजरावर. शेजारी सलीमभाई, वेल्डिंगचं काम करतात. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली पकड खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, माझी बिल्ली म्हातारी झाली, तिला दूध बी तोंडाशी न्यावं लागतं. हौदाभोवती राख पसरा. पाय कुणाचे ते बराबर कळंल. तिचे निघाले तर मला बोला." मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

आमच्याकडे गॅस. राख आणायची कुठून? आत पोरकिडे पडलेलं ज्वारीचं पीठ होतं, डबाभर, फेकायचंच होतं. गुरुवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर मी ते चाळणीने हौदाच्या तिन्ही बाजूंना पसरलं, अडीच हात रुंद पट्टा. भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत आले, म्हणजे माझे पाय त्यात राहू नयेत. प्राणी उजेडाला बिचकतात म्हणून वरचा बल्ब चालू ठेवला. जाळीचं भगदाड होतं तिथे कोंबड्यांचं डालगं पालथं घातलं आणि वर दगड ठेवला. हात धुतले आणि जेवायला बसले. डोक्यात फक्त ते जनावर होतं.

पीठ, दिवा, पालथं टोपलं. आणि तीच जागा, जिथे अण्णा गेले. ज्या घरात अण्णांनी हे पुन्हा कधी होऊच दिलं नाही, त्या घरातल्या माणसाला हे सुचतही नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातली बाई डबा उचलतानाच थांबली असती.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी परसात गेले. उजाडलं होतं, बल्ब नुसताच जळत होता. उसाच्या बाजूने पावलं आली होती. मांजराची, पण घरच्या मांजरापेक्षा चांगली मोठी. रानमांजर. कुंपणाखालून सरळ पिठावर, आणि मग… थांबली होती. हौद तिथून दीड हातावर. तिथे त्या जनावराने बैठक मारलेली दिसत होती. मग आडव्या फेऱ्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि परत उसात. हौदाकडे एक पाऊलही नाही.

जिथे ते थांबलं होतं त्याच्या पुढे, हौदाच्या बाजूला, पिठात चार ठसे होते. चौकोनात. तीन गोल आणि भरीव. चौथा बांगडीसारखा, मधलं पीठ तसंच.

अण्णांच्या खुर्चीच्या तीन पायांना रबरी बुचं होती. चौथं कधीच हरवलं होतं, नुसता पाइप टेकायचा. घरभर फरशीवर त्याच्या गोल खुणा आहेत.

आता तुम्ही जे विचाराल ते सगळं मी तिथे उभी राहून स्वतःला विचारलं. कुणी खुर्ची आणून ठेवली असेल? मग ठेवणाऱ्याचे पाय कुठेत? अडीच हाताच्या पट्ट्यात माणसाचं एक पाऊल नव्हतं. कठड्यावरून वाकून ठेवली म्हणाल, तर हौदावर जाळी होती आणि जाळीवरचा धुरळासुद्धा हललेला नव्हता. आत्याच्या गुडघ्यांना लोखंडी खुर्ची उचलून चालणं झेपत नाही. बुचाचं घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही. खुर्ची जालन्याला, दादाच्या गच्चीवर. मी त्याला नंतर फोन करून विचारलंसुद्धा. आहे इथेच, तिच्यावर गोधड्या वाळत टाकल्यात, म्हणाला. मासे मोजले. सात.

भीती वाटली का? नाही. मला संताप आला. अण्णांचा. मी मनातल्या मनात त्यांना म्हटलं, तुम्हीच शिकवलं ना, मेल्यावर काही उरत नाही म्हणून? त्या शब्दावर मी तुमच्या बहिणीला रडवलं. आणि आता हे काय?

तेवढ्यात आत्या दारात आली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याने जेमतेम दिसतं. पांढरं पसरलेलं तिला दिसलं. बल्ब दिसला, डालगं दिसलं. चौकट धरून ती खालीच बसली. तिला वाटलं, मी तिच्यासाठी मांडलं. सात महिन्यांनी का होईना, भाचीला पाझर फुटला. पदराने डोळे पुसत तिने विचारलं, "काय उमटलं गं माय?"

सांगितलं असतं तर हौद वाचला असता. गावात दुपारपर्यंत पोचलं असतं, आणि मग दादाची काय त्याच्या बापाची हिंमत झाली नसती मुरूम टाकायची. पण संध्याकाळी कठड्यावर नारळ आला असता. आठवड्यात झेंडूची माळ. वर्षभरात कुणीतरी शेंदूर फासला असता. अण्णांच्या हौदावर. मी खराटा उचलला.

"रानमांजर," मी म्हटलं. "दुसरं काही नाही." आणि चार ठशांसकट सगळं झाडून उकिरड्यावर टाकलं. फोटो का नाही काढला म्हणून विचारू नका. फोन आत चार्जिंगला होता आणि मला तो पुरावा नकोच होता.

आत्या म्हणाली, "मांजर तर मांजर. मंग त्याला खाऊ दे की मासे. त्याचेच हायत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने माझं उत्तर पद्धतीप्रमाणे घेतलं होतं. पाऊल मांजराचं, म्हणजे तिचा भाऊ मांजर झाला. बापाला भूत होऊ द्यायचं नाही म्हणून मी खोटं बोलले आणि त्याला रानमांजर करून ठेवलं. याला म्हणतात करायला गेले गणपती आणि झालं माकड.

मी ड्युटीवरून परत येईपर्यंत आत्याने विळीने जाळी कापून गुंडाळून ठेवली होती. कुंपणापाशी कटोरीत दूध. शेजारणी बघून गेल्या होत्या. शनिवारी तीर्थपुरीच्या गाडीत एक ओळखीचा पॅसेंजर सुटे देता देता म्हणाला, "बाई, अण्णा मांजर झाले म्हणून राह्यलेत लोक. खरं हाय का?" मी त्याला उतरवणारच होते, ड्रायव्हरने आरशातून बघितलं म्हणून गप्प बसले. गावातली एक बाई तर मुलीच्या लग्नाचं विचारायला आली, मांजर कौल देतं का म्हणून. मी तिला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून भिंतीवर होतं, मी ते जनावर डोळ्यांनी बघितलं. पिवळसर करडं, लांब पायांचं, कानांच्या टोकाला काळे केस. दूध चाटलं. मग हौदाकडे निघालं. जाळी नाही, काटे नाहीत, आत्याने सगळं मोकळं केलेलं. मी मोरीतून मुद्दाम हलले नाही. दीड हातावर येऊन ते थांबलं. पाठ कमानीसारखी वर, शेपूट फुललेली, कान चपटे. कुणावर तरी फिस्कारलं. तिथे काही नव्हतं. बराच वेळ बघत राहिलं आणि मागच्या मागे सरकत उसात गेलं. मासे सातच.

रविवारी दादा आला, मुरमाची ट्रॉली घेऊन. आत्या परसाच्या दारात आडवी बसली. माझ्या भावाची पाण्याची जागा हाय, बुजवू देणार न्हाई, म्हणाली. दादा हसला. मोठ्याने. मला म्हणाला, बघ, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हिला जालन्याला डॉक्टरला दाखवायला पाहिजे. आत्या खाली मान घालून बसलेली. ती तशी बसली होती माझ्या खोट्यामुळे, आणि मी अजून तत्त्व सांभाळत उभी.

मी दादाला म्हटलं, हिला काही झालेलं नाही. हौद बुजवायचा नाही. तो म्हणाला, कारण सांग. मी म्हटलं, कारण नाही, मी इथे राहते आणि मला नकोय, एवढंच. आम्ही असे भांडलो की सलीमभाई काम टाकून कुंपणापाशी येऊन उभे राहिले. शेवटी दादाने ट्रॉली अंगणातच उलटवली आणि निघून गेला. तो ढीग अजून तिथेच आहे. सलीमभाईंनी दुसऱ्याच दिवशी लोखंडी जाळीचं झाकण करून आणलं. त्यांच्या मांजराबद्दल मी माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, बसवून घ्या आधी, बाकीचं सोडा.

दादा गेल्यावर, दुपारी, आत्या पुन्हा कटोरीत दूध घेऊन परसाकडे निघाली. मी तिला दारातच धरलं आणि सगळं सांगितलं. मांजर आलं होतं पण परत गेलं, त्याच्यापुढे खुर्ची होती, बूच नसलेल्या पायाचा ठसा होता, मी खोटं बोलले. माझा आवाज भांडल्यासारखा येत होता. मला वाटलं, आता ती रडेल. नाहीतर म्हणेल, बघ, मी सांगत होते.

ती म्हणाली, "टेकून बसल्ता, का वाकून?"

मी म्हटलं, म्हणजे?

"त्याला टेकता येत न्हवतं ना शेवटी. दम कोंडायचा. गुडघ्यावर हात देऊन वाकून बसायचा सारा दिस. झोपायचा बी तसाच बसून. मी पाठ चोळत राह्यची. म्हणून इचारते. टेकून बसल्ता का?"

वर एक गोष्ट मी लिहिली नाही, कारण त्या सकाळी तिला काही अर्थ आहे असं वाटलंच नव्हतं. पुढचे दोन ठसे नुसते पिठावर टेकलेले होते. मागचे दोन खाली मातीत अर्धं बोट रुतले होते. झाडताना तिथे खराटा अडकला होता.

"टेकून," मी म्हटलं.

आत्याने मान हलवली. कटोरीतलं दूध परत पातेल्यात ओतलं, गॅस पेटवला आणि म्हणाली, चहा टाकते.

या गोष्टीला एक वर्ष होत आलं. मासे सात आहेत, झाकण मजबूत आहे, रानमांजर अधूनमधून उसाच्या कडेला दिसतं. ते ठसे कसे आले, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कुणी देऊ केलं तर मी घेणारही नाही. अण्णा मासे राखायला आले होते असं मी म्हणत नाही. म्हणणार नाही. पण सात महिने आत्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की आता त्याला नीट श्वास घेता येतो का. आणि मी तिला अण्णांची तत्त्वं ऐकवत होते.